हस्तिदंत आणि कवळी

माझं नाव कुठल्याही दवाखान्याच्या पाटीवर कधी नव्हतं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते डबीत घालून आमच्या लॅबमध्ये पाठवतात आणि आम्ही त्यावरून दात बनवून परत देतो. कधी एखादी कॅप, कधी अख्खी कवळी. पेशंट आरशात बघतो, हसतो आणि डॉक्टरांचे आभार मानतो. आपले दात चिंचवडमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत, मेणाच्या आणि प्लास्टरच्या पसाऱ्यात एका बाईनं बसवलेत हे त्याला कधीच कळत नाही. मी कोर्स केला तेव्हा त्याला डेंटल मेकॅनिक म्हणत. माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत लेथवर होते. त्यांनी अभिमानानं सगळ्या खात्यात सांगितलं, "पोरगी मेकॅनिक झाली." पुढं कितीतरी दिवस त्यांचे दोस्त स्कूटरचा कार्बोरेटर साफ होईल का म्हणून विचारायला घरी येत होते.

पेशंटची आणि आमची भेट सहसा होत नाही. पण रंग जुळत नसला की डॉक्टर त्याला आमच्याकडे पाठवतात. दातांच्या रंगाला आम्ही शेड म्हणतो. एका फणीसारख्या पट्टीवर वेगवेगळ्या छटांचे दात लावलेले असतात, ते एकेक करून पेशंटच्या दाताशेजारी धरायचे आणि उजेडात बघायचं. दिसतं तेवढं सोपं नाही. बहुतेकांना पांढरेशुभ्रच हवे असतात. जमीन विकल्यावर माण गावच्या एका आजोबांनी पुढचे सगळे दात सोन्याचे मागितले होते. त्यांची बायको सोबत होती. ती म्हणाली, "नगं बाई. ह्यो हसला की द्येव्हारा उघडल्यावानी दिसंल." आजोबा साधे दात घेऊन गेले.

फेमी असाच शेड जुळवायला आला होता. नायजेरियातल्या इबादान शहराचा पोरगा, उंच, खांदे जरा वाकवून चालणारा. इंजिनिअरिंग शिकायला पुण्यात आला आणि पुढं महाळुंग्यातल्या एका कंपनीत लागला. आफ्रिकेत जाणाऱ्या सुट्या भागांचं काम तो बघायचा. राहायला पुनावळ्यात. क्रिकेट खेळताना त्याचा पुढचा दात तुटला होता. मराठी तो कंपनीतल्या लोकांकडून शिकला होता, त्यामुळं त्याचं बोलणं ऐकायला मजा यायची. त्यांच्याकडं मोठ्या बाईला 'मा' म्हणतात, आणि इकडचा 'राव' त्याच्या तोंडात पक्का बसलेला.

"मा, दुखणार नाही ना राव?" ही त्याची पहिली ओळ.

"मी रंग बघतेय रे. हात पण लावत नाही."

शेड झाली. तो मात्र उठेना. माझ्या टेबलावर अर्धवट झालेली एक कवळी होती, तिच्याकडं तो बघत बसला. मग म्हणाला, "मा, तुम्ही ह्याच मटेरियलमध्ये दुसरं काही बनवता का? दात नाही. पण दातच."

मला काही कळलं नाही. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला.

वीतभर लांबीची, एका बाजूला निमुळती होत गेलेली वस्तू. मधल्या भागात गुडघे टेकून बसलेली एक बाई कोरलेली, तिच्या डोक्यावरून वर चढत गेलेलं टोक. रंग जुन्या तुपासारखा, खोबणींत तपकिरी. हस्तिदंत होता. फोटोवरूनही मला कळलं, कारण हस्तिदंत शेवटी दातच. आयुष्यभर ज्याची नक्कल केली तो पदार्थ मला ओळखू येणार नाही तर कुणाला?

"ह्याला इरोके म्हणतात," फेमी म्हणाला. "माझ्या बाबांचा. त्यांच्या आधी त्यांच्या बाबांचा."

वडिलांना तेही बाबाच म्हणतात. त्याचे बाबा इफा बघणारे होते. योरुबा लोकांत ही फार जुनी विद्या. अडचणीतला माणूस येतो. समोर लाकडी ताट असतं, त्यावर बारीक भुकटी पसरलेली. बाबा आधी इरोकेच्या टोकानं ताटावर हलके ठोके देतात, म्हणजे दार वाजवल्यासारखं. मग मूठभर ताडबिया या हातातून त्या हातात घेतात, उरलेल्या बिया बघून भुकटीत खुणा करतात. त्या खुणांना लागू असलेली कवनं त्यांना तोंडपाठ असतात. ती ते म्हणत जातात. ऐकणाऱ्याला त्यातल्या एखाद्या गोष्टीत स्वतःची अडचण दिसली की तो म्हणतो, हीच माझी.

"आणि ती गुडघे टेकलेली बाई?"

"जन्माच्या आधी माणूस असाच गुडघे टेकून आपलं नशीब निवडतो, असं बाबा म्हणतात."

त्या इरोकेला उभा तडा गेला होता. त्यांच्याकडं सहारातून कोरडा वारा येतो, त्यात जुना हस्तिदंत तडकतो. तेव्हापासून बाबांनी बैठक बंद केली होती. लोक येत आणि परत जात.

मी त्याला स्पष्ट सांगितलं. एक, हस्तिदंत आपल्या देशात आणणं, बाळगणं, दुरुस्तीला देणं, सगळा गुन्हा आहे. दुसरं, माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक नदीला दिले. आमच्या घरात भविष्य, पत्रिका, भगत काही चालत नाही. अशा कामाची वस्तू मी बनवावी असं मला वाटत नाही.

"मी तो आणला नाही मा, आणणार पण नाही. नवीन हस्तिदंतासाठी हत्ती मारावा लागतो, तो तर बाबांनाच नको. आणि भविष्यावर माझा पण विश्वास नाही. मी चर्चला जातो. बाबांना वाटत होतं मी त्यांच्याजवळ बसून शिकावं. मी इंजिनिअर झालो." मग तो म्हणाला, "पण बाबा गप्प बसलेत मा. फोनवर पण बोलत नाहीत. फक्त हं, हं."

त्या 'हं हं'नं मला अडकवलं. माझे वडील रिटायर झाल्यावर असेच झाले होते. मी म्हटलं, "वस्तू आणू नकोस. माप आण."

आमच्याकडं पुट्टी असते, दोन रंगांची. दोन्ही कणकेसारख्या एकत्र मळायच्या, दातांवर दाबायच्या, थोड्या वेळात रबरासारख्या घट्ट होतात. माप वर्षभर ठेवलं तरी बदलत नाही. फेमी सुट्टीत घरी जाणार होता. त्याला मी दोन भागांत साचा कसा घ्यायचा ते शिकवलं. पुनावळ्याच्या फ्लॅटवर त्यानं लाटण्यावर सराव केला आणि लाटण्याचा साचा घेऊन आला. पहिला फाटलेला, दुसरा वाकडा, तिसरा झकास.

लॅबमध्ये माझ्यासोबत दशरथभाऊ होते. माणचे, जुन्या शेतकरी घरातले. धातूचं ओतकाम त्यांच्याकडं. साचा बघून ते म्हणाले, "ताई, ह्ये आपलं काम न्हाई. पर करायचं आसंल तर चपला काढून करू. द्येवाची वस्तू हाय."

"तुम्ही काढा. मला फरशी गार लागते."

त्या कामाचे सगळे दिवस ते अनवाणी बसले आणि मी चपला घालून.

फेमीनं आणलेल्या साच्यात मी दगडी प्लास्टर ओतलं. सुकल्यावर ती बाई हातात आली. तिचं नाक, डोळे जवळजवळ पुसले गेले होते. एका बाजूला अंगठ्याएवढा खळगा. फेमीच्या मनात होतं की मी चेहरा नीट कोरावा. बाबांनी मात्र साचा घेतानाच त्याला बजावलं होतं, जसं आहे तसं. तो खळगा फेमीच्या आजोबांच्या अंगठ्यानं पडलेला. मी काही कोरलं नाही. खरं सांगायचं तर त्या झिजलेल्या चेहऱ्याला हत्यार लावायला माझा हातही धजला नसता.

मग आमच्या दातांच्या अॅक्रिलिकमध्ये, शेड मिसळून मिसळून, आम्ही इरोके केला. दिसायला तंतोतंत. फेमीनं हातात घेतला आणि अंगठा त्या खळग्यात बसवून बघितला. पोळपाट उलटा घालून आम्ही त्यावर ठोके दिले आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबा बारीक अंगाचे, पांढरी टोपी घातलेले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग काहीतरी पुटपुटले.

फेमी म्हणाला, "बाबा म्हणतात, बाई सुंदर आहे, पण बोलत नाही."

मला आधी वाटलं मलाच म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. आवाज टेबलावर कंगवा आपटल्यासारखा होता. दुसऱ्या खेपेला दशरथभाऊंनी आत पितळी गज घातला. आवाज जड झाला. बाबांनी मान हलवली, नाही. तिसऱ्यांदा आम्ही अॅक्रिलिकमध्ये पोर्सिलेनची भुकटी मिसळली, आतून पोकळ ठेवला. ह्या खेपेला आवाज मलाही गोड वाटला. बाबांचं पुन्हा नाही.

दशरथभाऊ वैतागले. "ताई, म्हाताऱ्याला घ्यायचाच न्हाई. उगं पोराला नाचवतोय."

मी फेमीला म्हटलं, "बाबांना म्हणावं, जुना वाजवून दाखवा. म्हणजे फरक कळेल."

बाबांनी जुना इरोके काढला. ताटावर ठोके दिले. मी कान देऊन ऐकलं. तड्यामुळं किंचित झणझण होती, पण आवाज छान होता. काम अडावं असं त्यात काहीच नव्हतं.

"आता त्यांना म्हणावं, सुरुवातीला जे म्हणतात ते थोडं म्हणून दाखवा. ठोका आणि आवाज एकत्र कसा लागतो ते मला बघू दे."

फेमीनं सांगितलं. बाबांनी मान फिरवली, आणि बोलता बोलता त्यांचा हात तोंडापुढं आला.

तो हात मी ओळखला. लग्नाच्या फोटोत, नातवाच्या बारशाला, पेन्शनच्या रांगेत माणसं असाच हात धरतात. खाजल्यासारखं करायचं आणि तोंड झाकायचं. मी स्क्रीनजवळ गेले. वरचा ओठ आत गेलेला, नाक आणि हनुवटी जवळ आलेली. हे सगळं मी आधीच्या कॉलमध्ये बघायला हवं होतं, पण मी त्यांच्या हातातल्या वस्तूकडं बघत बसले होते.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "फेमी, बाबांना दात किती आहेत?"

तो गोंधळला. "म्हणजे... खाली आहेत थोडे. वर... मला माहीत नाही मा. मऊ जेवतात ते."

"ते इरोकेमुळं थांबलेले नाहीत रे. त्यांना कवनं म्हणता येत नाहीयेत."

त्याला ते पटेना. तडा त्यानं स्वतः हातानं चाचपला होता. मी त्याला म्हटलं, तूच विचार, पण माझ्यासमोर नको, एकटा विचार. दोन दिवसांनी तो लॅबवर आला, खुर्चीत बसला आणि हेल्मेट मांडीवरच ठेवलं.

"तडा फार जुना आहे मा. मी शाळेत असताना पण होता."

बाबांनी त्याला सगळं सांगितलं होतं. कवनातला शब्द जसाच्या तसा म्हणावा लागतो, त्यात सैल चालत नाही. त्यांच्या भाषेत थोडा उच्चार हलला की अर्थ दुसराच. एक बाई आजारी मुलासाठी आली होती, घाबरलेली. बाबा कवन म्हणत होते आणि पुढच्या दातांशिवाय एक शब्द भलताच झाला. बसलेल्या लोकांत कुणीतरी हसलं, मग आणखी काही जण. ती बाई हसली नाही. ती उठून गेली. त्यानंतर बाबांनी ताट उचललं आणि इरोके फुटला असं सगळ्यांना सांगितलं.

"तिचं मूल बरं झालं का?" मी विचारलं.

"बाबांना माहीत नाही. तेच त्यांना जास्त लागतं."

दशरथभाऊ गॅस बंद करून आमच्याजवळ येऊन उभे राहिले होते. 

मी म्हटलं, इबादानमध्ये डेंटिस्ट असतील, लॅबही असतील, तिथं कवळी होईल. पण बाबांनी निरोप पाठवला की जी बाई माझ्या इरोकेचा आवाज बसवायला तीन वेळा खपली, तिनंच माझे दात करावेत. नियम म्हणून मी पेशंटचं काम परस्पर कधी घेतलं नाही, तेव्हाही घेतलं नाही. फेमीच्या बहिणीच्या ओळखीची एक डेंटिस्ट तिथं होती. तिनं राहिलेले दात तपासले, वरच्या जबड्याचं माप घेतलं, चावा कसा बसतो ते नोंदवलं आणि फेमीच्या कंपनीत येणाऱ्या एका माणसाबरोबर सगळं पाठवलं.

शेड विचारली तेव्हा गंमत झाली. डेंटिस्टनं पट्टी बाबांच्या खालच्या दातांशेजारी धरली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि इरोके पुढं केला. म्हणे, ह्याच्याशी जुळवा. इतक्या वर्षांत एवढ्या पिवळ्या शेडचे दात माझ्याकडं कुणीच मागितले नव्हते. कपाटात मागं एक सेट पडून होता. दशरथभाऊ तो पुसत म्हणाले, "बघा, ह्यांचं पण नशीब निघालं." मी त्यांच्याकडं बघितलं तसे ते म्हणाले, "बरं, नशीब न्हाई. योग म्हणा."

कवळीत चावण्याचे दात बसवणं हिशेबाचं काम आहे. बोलण्याचे दात बसवणं तसं नाही. 'स' म्हणताना जीभ दातांमागं बारीक फट ठेवते. फेमीच्या नावातला 'फ' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला नेमकी टेकावी लागते. केसभर लांब झाली तर ओठ अडतो, आखूड झाली तर नुसती फुंकर जाते. त्यांच्या भाषेचे आवाज मला माहीत नव्हते. मी फेमीला समोर बसवायचे आणि शब्द म्हणायला लावायचे, आणि त्याचे ओठ बघायचे. बापाचेच ओठ होते ते. तो कंपनीतून सुटून यायचा, चहा प्यायचा आणि शब्द म्हणत बसायचा. लहानपणी ऐकलेल्या कवनांचे तुकडे त्याला आठवायला लागले. एकदा म्हणता म्हणता मध्येच थांबला.

"पुढचं येत नाही राव," म्हणाला, आणि कानकोंडा होऊन हसला.

पहिली कवळी तपासणीसाठी गेली, तिच्यासोबत आमचा तिसरा इरोकेही. तिकडची डेंटिस्ट व्हिडिओवर, इकडं मी. बाबांनी शब्द म्हटले. 'स' शीळ वाजवत होता. परत आली, मी दोन दात मागं घेतले, पुन्हा गेली. शेवटची बसवली तेव्हाही आम्ही कॉलवर होतो. बाबांनी जीभ फिरवून बघितली, जबडा उघडला, मिटला. मग डावीकडं बोट लावून कुरकुरले. डेंटिस्टनं तिथं थोडं घासलं. पहिल्या दिवशी टोचत नाही असा कवळीचा पेशंट मी अजून बघितलेला नाही, त्यामुळं मला बरंच वाटलं.

मग ते स्क्रीनकडं वळले आणि म्हणाले, "ओलुफेमी."

एवढंच. फेमी फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत गेला. मी आणि बाबा एकमेकांकडं बघत बसलो, एकमेकांची भाषा येत नसलेली दोन म्हातारी माणसं. त्यांनी दात दाखवून हसून दाखवलं. मी अंगठा वर केला.

फेमी परत आला तेव्हा डोळे धुतलेले होते. म्हणाला, "किती दिवसांत बाबांनी मला नावानं हाक मारली नव्हती मा. पोरा, पोरा म्हणायचे. मला वाटत होतं रागावलेत. मी शिकलो नाही म्हणून." त्यालाही आत्ताच उमगलं होतं की ते नाव त्यांना म्हणताच येत नव्हतं.

बैठक पुन्हा सुरू झाली त्या दिवसाचं रेकॉर्डिंग फेमी लॅबवर घेऊन आला. तोवर माझ्या निवृत्तीचं ठरलं होतं, निम्मं सामान बांधलेलं होतं. खोक्यांवरच बसून आम्ही तिघांनी ऐकलं. आधी माणसांची कुजबुज, एक कोंबडा, मग ठोके.

दशरथभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, ही आपलीवाली न्हाई."

मलाही कळलं होतं. ठोक्यामागं ती तड्याची बारीक झणझण होती.

फेमी अवघडला. म्हणाला, "सॉरी मा. बाबांनी जुन्यालाच पितळेचं कडं बसवून घेतलं. तुमचा त्यांनी त्यांच्याकडं शिकायला येणाऱ्या मास्तरांना दिला. शाळामास्तर आहेत, पन्नाशीचे. बाबा म्हणतात, जुना इरोके चूक सहन करत नाही, हा करतो."

वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. त्या बाईचा जुन्या तुपासारखा रंग साधायला मी फार जीव टाकला होता. दशरथभाऊ मात्र खूश झाले. "मास्तरकडं हाय व्हय? मंग चांगल्या ठिकाणी पडली."

भविष्याबद्दलचं माझं मत तेव्हाही बदललं नाही, आजही तेच आहे. फेमीला मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "माझं पण तेच आहे मा. पण ह्या सुट्टीत मी बाबांजवळ बसणार आहे. ते म्हणतील ते लिहून न घेता, ऐकून पाठ करायचं. किती येतं बघू राव."

तोवर रेकॉर्डिंग संपलं होतं. दशरथभाऊ म्हणाले, "परत लाव की." फेमीनं पहिल्यापासून लावलं. ठोके थांबले आणि बाबांचा आवाज सुरू झाला, सावकाश, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. मला एक अक्षर समजत नव्हतं. मी फक्त 'स' आणि 'फ' ऐकत होते, आणि त्यातला एकही निसटला नाही.